टायरमध्ये हवा किती भरावी?

(प्रवासाला निघण्यापूर्वी आपण गाडीत पेट्रोल आहे की नाही ते पाहतो, पण टायरमधील हवा पाहायला विसरतो. मोटारीच्या टायरमध्ये हवा किती असावी, ती केव्हा मोजावी आणि ती कमी-जास्त झाल्यास काय होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पेट्रोल पंपाच्या एका कोपऱ्यात हवा भरण्याचे यंत्र असते. एखादी मोटार तेथे येऊन थांबते. हवा भरणारा कामगार विचारतो, "साहेब, किती भरू?" चालक क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, "भर तीस-पस्तीस!" कोणी म्हणतो, "नेहमीची भर." कोणी तर, "तुला योग्य वाटेल तेवढी भर," असेही सांगतो.

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर अंदाजाने देण्यासारखे नाही. टायरमध्ये हवा किती आहे, यावर गाडी वळणावर कशी वळेल, ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबेल, पेट्रोल किती जळेल आणि टायर किती दिवस टिकेल, हे ठरते. भरधाव गाडीचा टायर फुटला, तर आत बसलेल्यांचे प्राणही धोक्यात येतात. म्हणून हे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम "तेहतीस हवा" म्हणजे काय ते पाहू. तेहतीस हे हवेचे वजन नव्हे. ते हवेच्या दाबाचे माप आहे. टायरमध्ये कोंडलेली हवा टायरच्या आतील भिंतीला सर्व बाजूंनी ढकलत असते. एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशा लहानशा चौकोनावर ती ३३ पौंडांचा जोर देत असेल, तर आपण दाब ३३ आहे असे म्हणतो. काही गाड्यांवर हेच माप किलोपास्कलमध्ये लिहिलेले असते. २३० किलोपास्कल म्हणजे सुमारे ३३ पौंड.

आता एक छोटा हिशेब करू. एका लहान मोटारीचे वजन, आतील पाच माणसे आणि सामान मिळून सुमारे १२०० किलो होते असे समजा. हा भार चार चाकांवर सारखा वाटला, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो येतात. ३३ पौंडांचा दाब म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलोचा जोर. ३०० किलोंना २.३ ने भागले, तर उत्तर सुमारे १३० चौरस सेंटिमीटर येते. याचा अर्थ, टायरचा साधारण तेवढाच भाग जमिनीला टेकलेला असतो. आपल्या टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एवढी मोठी मोटार चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते! वळताना, थांबताना, पावसात आणि घाटात तिला रस्ता धरून ठेवायचा असतो, तोही एवढ्याशा जागेच्या आधाराने. ही चार पोस्टकार्डे रस्त्यावर नीट टेकलेली राहावीत, हेच योग्य हवेचे काम आहे.

चाकात हवा भरण्याची कल्पना फार जुनी नाही. पूर्वी गाड्यांची चाके लाकडाची असत व त्यांवर लोखंडी धाव बसवत. पुढे भरीव रबराची चाके आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले; परंतु त्या काळी मोटारी नव्हत्या, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट शहरात राहणारे जॉन बॉइड डनलॉप नावाचे पशुवैद्य होते. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत, म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. सायकल हलकी पळू लागली. १८८८ साली त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. १८९५ साली फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. त्यानंतर मोटारींना हवेचे टायर हळूहळू सर्वत्र लागले.

टायरमध्ये हवा कमी असली तर काय होते? टायर खाली दबतो. त्याच्या बाजू फुगतात. नक्षीचा मधला भाग आत ओढला जातो आणि भार दोन्ही कडांवर पडतो. म्हणून हवा कमी असलेल्या टायरच्या कडा लवकर झिजतात. चाक ओढायला जास्त जोर लागतो. हवा कमी असलेली सायकल चालवताना आपले पाय किती दुखतात, ते तुम्हांला ठाऊक आहे. मोटारीचे इंजिनही असेच दमते आणि जास्त पेट्रोल पिते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या माहितीनुसार चारही टायरमधील हवा कमी झाली, तर दर एका पौंडामागे सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते.

परंतु खरा धोका वेगळाच आहे. तो उष्णतेचा आहे. लोखंडाची एखादी बारीक तार हातात घ्या. ती एकाच जागी भराभर इकडून तिकडे वाकवा. थोड्या वेळात ती जागा गरम लागेल आणि शेवटी तार तुटेल. टायरचेही असेच होते. टायरचा जो भाग जमिनीवर येतो तो दबतो आणि वर गेला की पुन्हा सरळ होतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाक एका सेकंदात सुमारे १२ वेळा फिरते. म्हणजे एका तासात टायरचा प्रत्येक भाग चाळीस हजारांहून अधिक वेळा दबतो आणि सरळ होतो. हवा योग्य असेल, तर हे वाकणे थोडे असते. हवा कमी असेल, तर ते फार वाढते. टायर आतून तापत जातो. रबर आणि त्याच्या आतील तारा व धागे यांची पकड सुटू लागते. अखेर टायर फुटतो किंवा त्याची वरची साल निघून येते.

हवा जास्त भरली तर? काही लोकांना वाटते, की जास्त हवा भरली म्हणजे गाडी हलकी पळेल आणि पेट्रोल वाचेल. पण मग टायरचा फक्त मधला भाग जमिनीला टेकतो. आपले पोस्टकार्ड लहान होते. पकड कमी होते, ब्रेक दाबल्यावर गाडी घसरू शकते. नक्षीचा मधला पट्टा लवकर झिजतो. टायर कडक झाल्यामुळे खड्ड्यातील प्रत्येक धक्का आत बसलेल्यांना जाणवतो आणि मोठ्या खड्ड्यात टायरला इजा होण्याची भीती वाढते. म्हणून कमी हवा वाईट आणि जास्त हवाही वाईट. हवा योग्य तेवढीच हवी.

मग योग्य आकडा कोणता? तो शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तो गाडीवरच लिहिलेला असतो. चालकाच्या बाजूचे दार उघडा. दार बंद केल्यावर ज्या खांबाला टेकते, त्या खांबावर एक छोटा तक्ता चिकटवलेला दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या माहिती-पुस्तिकेतही तो असतो. गाडीचे वजन, तिचा वेग, टायरचा आकार या सर्वांचा विचार करून गाडी बनवणाऱ्यांनी तो आकडा ठरवलेला असतो.

येथे पुष्कळांची एक गफलत होते. टायरच्या बाजूवरही इंग्रजीत दाबाचा एक आकडा कोरलेला असतो. तो बहुधा ४४ किंवा ५१ असतो. तो वाचून काही जण तेवढी हवा भरतात. पण तो आकडा योग्य दाबाचा नाही. या टायरमध्ये यापेक्षा जास्त हवा कधीही भरू नये, अशी ती सूचना असते. एकच टायर निरनिराळ्या गाड्यांना बसतो. आपला टायर कोणत्या गाडीला लागणार, हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून टायरवरचा आकडा ही मर्यादा आणि दारावरचा आकडा हा नियम, हे लक्षात ठेवावे.

दारावरच्या तक्त्यात बहुधा दोन प्रकारचे आकडे असतात. एक कमी भारासाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. समजा, एक कुटुंब ईदच्या सुटीत मालेगावहून मुंबईला निघाले आहे. गाडीत पाच माणसे आहेत. मागे पेट्या आणि पिशव्या भरल्या आहेत. पुढे कसारा घाट उतरायचा आहे. रोज एक-दोन माणसांना घेऊन गावात फिरणारी हीच गाडी आज भाराने वाकली आहे. अशा वेळी तक्त्यातील पूर्ण भाराचा आकडा पाहावा. सामान मागे असल्यामुळे मागच्या चाकांचा आकडा पुष्कळदा पुढच्या चाकांपेक्षा जास्त असतो. प्रवास संपला आणि भार उतरला, की हवा पुन्हा नेहमीएवढी करावी.

आता हवा मोजावी केव्हा, तेही पाहिले पाहिजे. टायर थंड असतानाच हवा मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असेल किंवा एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर टायर थंड आहे असे समजतात. म्हणून सकाळची वेळ सर्वांत चांगली. गाडी चालली की टायर तापतो. आतील हवा तापते. तापलेली हवा पसरू पाहते. पण टायरमध्ये तिला जागा नसते, म्हणून तिचा दाब वाढतो. तासभर महामार्गावर चालल्यावर दाब तीन ते पाच पौंडांनी वाढलेला दिसतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. टायर तयार करताना या वाढीचा विचार केलेला असतो आणि दारावरचा आकडाही थंड टायरसाठीच दिलेला असतो.

उन्हाळ्यात मात्र एक चुकीची समजूत फार घातक ठरते. "ऊन फार आहे, टायर फुटेल, थोडी हवा कमी कर," असे अनेक जण सांगतात. ऐकायला हे खरे वाटते. पण हिशेब करून पाहा. सकाळी टायरमध्ये ३३ पौंड हवा होती. दुपारी रस्त्यात ती ३७ झाली. चालकाने चार पौंड हवा सोडून दिली. मीटरवर ३३ दिसले आणि त्याचे समाधान झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर थंड झाल्यावर त्यात केवळ २९ पौंड हवा उरेल. आता तो टायर जास्त दबेल, जास्त वाकेल आणि जास्त तापेल. फुटू नये म्हणून हवा काढली आणि फुटण्याचे कारण आपणच निर्माण केले! म्हणून तापलेल्या टायरमधील हवा कधीही सोडू नये. उन्हाळ्यातही दारावरचा आकडाच पाळावा.

हिवाळ्यात याच्या उलट घडते. बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले, की टायरचा दाब सुमारे दीड पौंडाने उतरतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात बरोबर भरलेला टायर जानेवारीच्या थंड सकाळी दोन-तीन पौंडांनी कमी भरतो. शिवाय पंक्चर नसले, तरी टायरमधून दर महिन्याला सुमारे एक पौंड हवा आपोआप झिरपून जाते. सहा महिने कोणी पाहिलेच नाही, तर किती हवा उरेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

कमी हवा आणि उष्णता यांचे भांडण किती महाग पडू शकते, हे अमेरिकेत दिसून आले. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन या टायर कंपनीने आपले सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. हे टायर मुख्यतः फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर नावाच्या उंच गाड्यांना लावलेले होते. भरधाव जाताना टायरची वरची साल सुटत असे आणि गाडी उलटत असे. अशा अपघातांत २७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाडीसाठी सांगितलेला २६ पौंडांचा दाब फार कमी आहे, असे टायर कंपनीचे म्हणणे होते. टायरच सदोष आहेत, असे गाडीच्या कंपनीचे म्हणणे होते. सरकारी तपासात टायरच्या रचनेतच दोष असल्याचे आढळले. परंतु कमी हवा, जास्त भार, वेग आणि उन्हाळा एकत्र आले, म्हणजे टायरवर किती ताण पडतो, हे या घटनेमुळे साऱ्या जगाला समजले.

त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यानुसार सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या मोटारींत हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही अनेक नव्या गाड्यांत ते असते. हवा कमी झाली, की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. त्या दिव्यात टायरचे चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह दिसते. पण त्यावरही पूर्ण विसंबून राहू नये. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हवा २५ टक्के कमी झाली म्हणजे हा दिवा लागला पाहिजे. ३३ पौंडांच्या टायरमध्ये २५ पौंड उरेपर्यंत दिवा गप्प बसू शकतो. तोवर टायरचे नुकसान सुरू झालेले असते.

हल्ली पुष्कळ ठिकाणी टायरमध्ये नायट्रोजन वायू भरून मिळतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन टायरमधून थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फरक. नायट्रोजन भरला, तरी दाब मोजावाच लागतो.

सर्वच वाहनांना एक आकडा चालत नाही. शर्यतीच्या सायकलचा टायर अगदी अरुंद असतो. म्हणून सायकल हलकी असूनही त्यात ८० ते १०० पौंड हवा भरतात. मालाने लादलेल्या ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंडांहून अधिक हवा असते. उलट, शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या रुंद टायरमध्ये हवा बरीच कमी ठेवतात. त्यामुळे भार मोठ्या जागेवर पसरतो, चाक मऊ मातीत रुतत नाही आणि जमीनही दबून कडक होत नाही. जसे काम, जसा भार आणि जशी वाट, तसा दाब.

हवा तपासण्याची रीत सोपी आहे. प्रथम दारावरचा तक्ता वाचावा. टायर थंड असताना व्हॉल्व्हची टोपी काढून मीटर सरळ दाबून धरावे. कमी असेल तेवढी हवा भरावी. जास्त झाली तर थोडी सोडावी आणि पुन्हा मोजावे. टोपी परत लावण्यास विसरू नये. ती नसली तर धूळ आणि पाणी आत जाते. चारही टायर झाले, की डिकीतील स्टेपनीही तपासावी. स्टेपनी हा शब्द कसा आला, तेही गमतीचे आहे. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाके तयार होत असत. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे जादा चाकालाच मिळाले! पंक्चर झाल्यावर स्टेपनीतही हवा नाही असे कळले, तर रात्रीच्या वेळी आडरानात फार पंचाईत होते.

हवा तपासताना टायरची नक्षीही पाहावी. ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर मोटारीचा टायर बदलावा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला गॅरेजमध्ये "गोटा" म्हणतात. पावसाळ्यात नक्षीच्या खाचांतून पाणी बाजूला जाते. नक्षी नसली किंवा हवा कमी असली, तर टायर रस्त्यावर टेकत नाही, पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

तुम्ही अजून गाडी चालवत नसाल. पण गाडीत बसता तर खरे! पुढच्या वेळी लांबच्या प्रवासाला निघाल, तेव्हा दाराच्या खांबावरचा तक्ता शोधा आणि त्यातील आकडा घरातील मोठ्यांना वाचून दाखवा. आदल्या दिवशी हवा तपासली आहे का, हेही विचारा. हवा तपासायला पाच-दहा मिनिटे लागतात. गाडीत बसलेल्या सगळ्यांना सुखरूप घरी पोचवण्यासाठी एवढा वेळ काढणे मुळीच अवघड नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हवेच्या टायरचे पेटंट १८४५ साली कोणी घेतले?
(आ) गाडीच्या टायरमधील योग्य दाबाचा आकडा कोठे लिहिलेला असतो?
(इ) टायरमधील हवा केव्हा मोजावी?

२. कारणे लिहा.
(अ) तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये.
(आ) टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्याएवढी हवा भरू नये.

३. हवा कमी असलेला टायर आणि हवा जास्त असलेला टायर यांत कोणता फरक दिसतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. उपक्रम : तुमच्या ओळखीच्या गाडीच्या दारावरील तक्ता पाहा. पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे वहीत लिहून आणा आणि वर्गात त्यांची तुलना करा.